हात दिसत नाही

“काम सुबक आहे मालूताई, प्रश्नच नाही. पण यात तुमचा हात दिसत नाही.” दिपिका म्हणाली, तेही हसून, आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मालू पाणी प्यायली, ग्लास होता तिथेच ठेवला, टेबलावर मांडलेल्या पऱ्या एकेक करून पिशवीत भरल्या आणि पेणच्या बाजारातल्या त्या दुकानाच्या पायऱ्या उतरली. रिक्षावाला थांबला, तिने नको म्हणून मान हलवली, आणि आपल्याला एसटी स्टँडवरच जायचंय हे लक्षात आलं तोवर तो निघून गेला होता. वाकडं झालंय म्हणाली असती तर सरळ केलं असतं. रंग उडालाय म्हणाली असती तर पुन्हा लावला असता. हात दिसत नाही म्हणजे काय? हात ही काय दाखवायची वस्तू आहे? तिने चालता चालता स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. अंगठ्याच्या कडेला सोनेरी रंग, तर्जनीच्या टोकावर खळ वाळून आलेला पापुद्रा, मनगटात हिरव्या बांगड्या. दिसत तर होता चांगला.

एसटीत खिडकी मिळाली, पण खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली. वडखळ सोडलं की रस्त्याची धूळ आत यायला लागली. मालूने पदर नाकाला लावला आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली. आतल्या पऱ्यांना दिपिका एंजल म्हणायची. नाताळच्या झाडाला टांगायच्या त्या. दिपिका पेणचीच पोर, मुंबईत शिकून परत आलेली. लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूंपासून हाताने केलेल्या शोभेच्या जिनसा ती विकते. तिचं गिऱ्हाईक म्हणजे अलिबागकडच्या बंगल्यांतली माणसं आणि फोनवरून मागवणारी लांबची. नवं काही वापरायचं नाही, ही तिची अट. ती मालूला पहिल्याच दिवशी पटली होती. रोह्यात पुलाजवळ पोपटचं भंगाराचं गोडाऊन आहे, तिथे जाऊन वाकून वाकून शोधायचं. तिथेच तिला एका बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानातली लाकडी रिळं सापडली, गोणीभर. कुणाच्या तरी दारावरचा मण्यांचा पडदा सापडला. जुन्या साड्यांचे जरीचे काठ तर ढिगाने. रीळ म्हणजे परीचं अंग, पडद्याचा लाकडी मणी म्हणजे डोकं, खळ लावून कडक केलेला काठ म्हणजे पंख. लोक भंगार घालायला येतात, वहिनी, तुम्ही एकट्या न्यायला येता, असं पोपट दर खेपेला म्हणायचा आणि दर खेपेला स्वतःच हसायचा. गेल्या वर्षी तिने पहिल्यांदा परी केली तेव्हा दिपिकाने ती हातात धरून बराच वेळ निरखली होती. मग हळूच म्हणाली होती, “ताई, हे डोळे बाप्पाचे आहेत.” खरंच होते. लांब, अर्धवट मिटलेले, कडेला वर गेलेले. मालू तेव्हा मनापासून हसली होती. ते कळण्यासारखं होतं. त्यानंतर दिपिकाने मोबाइलवर चित्रं पाठवली, मालूने ती बघून बघून बाप्पाचे डोळे हातातून काढून टाकले. साधे दोन ठिपके नि वर बारीक पापणी. आज नेलेल्या साऱ्या पऱ्यांच्या पापण्या एकसारख्या, एकाही ठिकाणी कुंचला थरथरलेला नव्हता. आणि तेच नडलं. “असं वाटतं की मशीनमधून आल्यात,” असंही दिपिका म्हणाली होती. ते वाक्य मालूने दुकानातच सोडून यायचं ठरवलं होतं, पण ते गडब गावापर्यंत तिच्या शेजारी बसून आलं.

काळुरामने ऐकलं असतं तर काय म्हणाला असता? मालूचं माहेर पेणचं. शाळा सुटली आणि ती काळुरामच्या गणपतीच्या कारखान्यात जायला लागली, आधी मूर्ती घासायला. बायकांनी घासायचं, हिरे चिकटवायचे. आखणी, म्हणजे डोळे काढायचं काम, पुरुषांचं. एका हंगामात आखणीचा माणूस आजारी पडला आणि काळुरामने मालूला उंदराचे डोळे रंगवताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिच्या पुढ्यात उंदराऐवजी देव आले. काळुराम शिकवायचा नाही. मागे येऊन उभा राहायचा. तिने श्वास धरून बुबुळ टाकायचं, कुंचला उचलायचा, आणि मागून आवाज यायचा, “हात दिसतोय. पूस.” ओलं फडकं फिरवायचं, पुन्हा सुरुवात. कधी कधी दिवसभर एकच डोळा. एकदा तिने चिडून विचारलं होतं की हात दिसतोय म्हणजे कुठे दिसतोय, मला का दिसत नाही. तेव्हा तो आयुष्यात पहिल्यांदा दोन वाक्यं बोलला. “पयला देव नेनारा नि शेवटचा देव नेनारा, दोगं येकाच देवाला हात जोडतात. त्यांना देव दिसला पायजे, मालू नाय.” मग हळूहळू मालू दिसेनाशी झाली. तिला ते कळायचं सुद्धा; कुंचला लावला की आपण कुठेतरी मागे सरकतो, आणि डोळा आपला आपण उमटतो. एका वर्षी गर्दीत अर्धी रांग त्याने आखली, अर्धी तिने. मूर्ती हलवल्या गेल्या, आणि नंतर त्याला स्वतःला सांगता येईना की कुठली कुणाची. तो रांगेवरून दोनदा फिरला आणि सगळ्यांसाठी चहा मागवला. त्या चहाइतका गोड चहा मालूला पुन्हा कधी लागला नाही. लग्न होऊन रोह्याला आल्यावरही ती हंगामात गाडीने पेणला जायची, निडी, नागोठणं करत. सासू म्हणजे धोंडुबाई तेव्हा डोळसपणे घर सांभाळायची. मग धोंडुबाईचे डोळे गेले. काचबिंदू, उशिरा कळला. घरात कुणीतरी राहायला हवं झालं, आणि कुणीतरी म्हणजे कोण हे कुणी विचारलं नाही.

रात्री जेवताना नवऱ्याने, धनेशने, पिशवी बघितली. कंपनीतून दुसरी शिफ्ट करून आला की तो जेवणाखेरीज दुसरीकडे बघत नाही, पण पिशवी दारातच होती. परत आनल्यास का, एवढंच त्याने विचारलं. तिने सांगितलं. हात दिसत नाही हे सांगताना तिला स्वतःचीच लाज वाटली, म्हणून तिने फक्त पसंत नाय पडल्या असं म्हटलं. तुला नाय जमत तर सोड ना गो, कोन सांगतं, असं तो म्हणाला आणि भात कालवायला लागला. त्याच्या मनात काही नव्हतं. पण मालूने ताट बाजूला सरकवलं. नाय जमत! ज्या हाताने डोळे काढलेले देव अख्ख्या मुलखात गेले त्या हाताला रिळाला पंख चिकटवायचं जमत नाय! दिपिकाने बजावून सांगितलं होतं, अजून एकदा नमुना आणा, आवडला तर पेटीभर घेते आणि पुढे राख्या, दिवाळीचं कामही तुमच्याकडेच. नाही आवडला तर मला दुसरीकडे बघावं लागेल. दुसरीकडे बघ की मग, असं मालूच्या तोंडावर आलं होतं, बाहेर पडलं नाही. कारण दुसरीकडे बघितलं तर या हाताने उद्यापासून करायचं काय? भाकऱ्या. धोंडुबाईच्या डोळ्यांत औषध घालायचं. हात त्यालाही लागतो, पण त्याला मालूचाच लागतो असं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओटीवर चटई टाकून ती बसली. मागच्या शेतात वालाला शेंगा धरल्या होत्या आणि कुणीतरी बांधावरचा भांबुर्डा उपटून नेत होतं, त्याचा उग्र वास येत होता; मडक्यात पाला घालून शेंगा भाजायचे, पोपटीचे दिवस. धोंडुबाई भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती, हात मांडीवर रिकामे. डोळे गेल्यापासून तिचे हात असे पडून असत. मालूने ठरवलं, मुद्दाम वाकडं करायचं. एक पंख वर, एक खाली. लावला. बघितलं तर नजरेला तिढा खुपला आणि हाताने आपोआप सरळ केला. पुन्हा वाकडा केला. मग तो इतका वाकडा झाला की परी कुणाशी तरी भांडून आल्यासारखी दिसायला लागली. डोळा जरासा हलवून काढला, तर तो हललेलाच दिसेना, कारण हललेला डोळाही तिने नीट काढला होता. डाव्या हाताने काढून बघितला. डाव्या हाताने तर नुसता डागच पडला. रंग फासलेला, खळ ओघळलेली अशा दोन-तीन पऱ्या झाल्या, आणि प्रत्येक वेळी तिला काळुराम मागे उभा असल्याचा भास होत होता, पण तो बोलत काही नव्हता. पूस म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. धोंडुबाईने मधेच विचारलं, “ह्या कुटल्या देवाच्या गो?”

“नाताळातल्या, आये. झाडाला टांगायच्या.”

“मंग इसर्जन कवा?”

“इसर्जन नाय. पेटीत भरून माळ्यावर ठेवायच्या. फुडल्या वर्सी परत काढायच्या.”

धोंडुबाईने यावर बराच विचार केला. वर्षभर माळ्यावर त्या करतात काय, असं कोडं तिला पडलं होतं. मालूला हसू यायला हवं होतं, पण ती वैतागलेली होती. चहा टाकायला म्हणून ती आत गेली आणि चुलीपाशीच उभी राहिली. चहा उकळून उतू गेला तरी तिला कळलं नाही. आपण इतकी वर्षं जे शिकलो ते शिकलो नसतो तर आज बरं झालं असतं, असा विचार तिला आला आणि त्या विचाराचाच राग आला. कुणी बाई म्हणते का, मी पोहायला शिकले हेच चुकलं, बुडता तरी आलं असतं! ती चहा घेऊन बाहेर आली तर धोंडुबाईच्या हातात काहीतरी होतं. चाचपडून तिने एक रीळ उचललं होतं, वर मणी बसवला होता, जरीच्या काठाचा तुकडा मागच्या बाजूने पुढे आणून गाठ मारली होती. गाठ कसली, आवणाच्या जुडीला मारतात ती. लावणीच्या वेळी भाताची रोपं उपटून बांधतात ना, तशी. सारा जन्म तिने तीच गाठ मारली होती. मग रंगाच्या वाटीत बोट बुडवून तिने मण्यावर दोन ठिकाणी टेकवलं. एक डोळा मोठा होऊन गालावर ओघळला, दुसरा टिंबाएवढा राहिला. “शकूला लहानपनी करून द्यायची मी ठकी,” ती म्हणाली. शकू म्हणजे मालूची नणंद, आता जिते गावात असते, तिचीच पोरं ठकीच्या वयाची. मालूने बरं म्हटलं, चहा तिच्या हाताशी दिला, आणि चटईवरचं सगळं एकदम पिशवीत ढकललं. तिला त्या वस्तू डोळ्यांसमोर नको होत्या.

पेणला पुन्हा गेली ती मनाशी भांडत गेली. दिपिकाने वाकड्या पऱ्या एकेक उचलून पाहिल्या, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते नापसंतीपेक्षा वाईट होतं. तिला मालूची कीव आली होती. ताई, हे मुद्दाम केलंय ना, ते कळतं हो, असं ती अगदी जपून म्हणाली. मालूला वाटलं, हिच्या गळ्यातल्या त्या चष्म्याच्या साखळीला धरून हिला काळुरामच्या कारखान्यात उभी करावी आणि म्हणावं, सांग यातला माझा हात कुठला. पण कारखाना आता त्या काळुरामचा राहिला नव्हता, डोळे तिथेही छापे ठेवून फवाऱ्याने मारतात म्हणे. ती पिशवी आवरायला लागली. तेवढ्यात दिपिकाने तळाशी हात घातला आणि धोंडुबाईची ठकी वर काढली. मग तिने ती खिडकीशी नेली, उलटीसुलटी केली, ओघळलेल्या डोळ्यावरून नख फिरवलं.

“ही. अशा हव्यात मला. बघा ना ताई, ही कशी बघतेय. यात हात दिसतो. कुणी केली ही?”

“मीच,” मालू म्हणाली.

का म्हणाली ते तिला कळलं नाही. शब्द तोंडातून गेला आणि दुकानातल्या हवेत राहिला. दिपिका खुलली होती, पेटी भरून करा म्हणत होती, नमुना म्हणून ही ठकी घेऊन जा पण परत पाठवा, ही मी दुकानात समोर लावणार, असं सांगत होती. मालू मान हलवत होती. मीच! हो, घर माझं, रीळ मी आणलं, खळ मी शिजवली. पण सगळ्या वाटेत तिचा हात पिशवीवरून त्या मण्याभोवती जात राहिला आणि आंधळ्या म्हातारीने टेकवलेल्या बोटाचा तिला हेवा वाटत राहिला. हेवाच. दुसरा शब्द नाही. जिला दिसत नाही तिचा हात दिसतो, आणि जिने नजर घासून घासून धारदार केली तिचा दिसत नाही. हा कुठला न्याय? तिला वाटलं की ती ठकी बाहेर काढून खिडकीतून गडबच्या नाक्यावर टाकून द्यावी. मग आठवलं की नमुना आहे.

घरी पाय ठेवते न ठेवते तोच धोंडुबाईने विचारलं, “माजी ठकी कुटं ठेवलीस गो? चटईवर नाय.” मालूने सांगितलं की आहे, कामाला घेतलीय, देते. मग थोड्या लाडीगोडीने तिने रीळ, मणी, काठ सासूच्या मांडीवर ठेवले आणि आणखी करशील का म्हणून विचारलं. धोंडुबाईने ते चाचपले. एक केली की, पुन्यांदा कशाला, असं तिचं म्हणणं. तरी तिने एक बांधली. ती तशी झालीच नाही. पंख दोन्ही खाली, डोळे तिने काढायचेच नाकारले, म्हणाली झोपलीय ही. ही चालणार नव्हती. दिपिकाला पहिलीसारखीच हवी होती. “ती माजी मला दे पन,” धोंडुबाई म्हणाली. “डोलं गेल्यापासून पयली वस्तू झाली हातातून. उशाशी ठेवीन.” मालूने हो म्हटलं. पेटी भरली की देते, म्हणाली. दिपिकालाही ती परत हवी होती, ते तिने सांगितलं नाही.

मग ती बसली. ठकी समोर ठेवली आणि तिच्याकडे बघितलं, जसं काळुरामने आखून ठेवलेल्या पहिल्या देवाकडे बघायची. डावा पंख खांद्याच्या बोटभर वर. उजवा कोपऱ्यातून मुडपलेला. मणी उजवीकडे कललेला, इतका आणि इतकाच. मोठा डोळा ओघळून जिथे थांबला तिथे रंगाचा बारीक थेंब गोठलेला. काठाचा एक जरीचा धागा सुटून गुडघ्यापर्यंत लोंबणारा. गाठीचा फास वर, शेपूट खाली. बघता बघता मालूचं डोकं शांत झालं. किती दिवसांनी. तिने पहिली केली, ठकीशेजारी ठेवली, थेंब जरा मोठा झाला होता, पुसला, पुन्हा टाकला. दुसरी केली. बोटाने रंग टेकवण्याऐवजी तिने बोटाने उमटतो तसा डाग कुंचल्याने काढला, बोटावरच्या रेषांसकट. गाठ बाहेरून हुबेहूब तशीच दिसेल अशी मारली आणि आत डिंकाचा थेंब सोडला, लांब जायच्या मालाला सुटणारी गाठ चालत नाही. तिसरीपासून हात आपला आपण चालायला लागला. ती मागे सरकली. श्वास धरायचा, सोडायचा. मधे धोंडुबाईने पाणी मागितलं, तिने दिलं. धनेश आला, जेवला, कामावर गेला. या दोन दिवसांत तिला कशाचाही राग आला नाही, ना दिपिकाचा, ना धनेशच्या त्या वाक्याचा. आपण सुखात आहोत हे तिला कळत होतं, आणि कुठेतरी हेही कळत होतं की हे सुख काहीतरी विसरल्यामुळे आहे.

काय विसरलो ते पेणहून माल न्यायला टेम्पो यायच्या दिवशी सकाळी कळलं. पेटीत भरण्याआधी सुकल्या की नाही बघायला तिने साऱ्या पऱ्या चटईवर रांगेत उभ्या केल्या, कारखान्याच्या सवयीने. आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. सगळ्यांच्या माना उजवीकडे कललेल्या, इतक्या आणि इतक्याच. सगळ्यांचा डावा पंख बोटभर वर. सगळ्यांचा मोठा डोळा एकाच ठिकाणी ओघळून एकाच ठिकाणी थांबलेला. गुडघ्यापर्यंत लोंबणारा धागाही सगळ्यांचा गुडघ्यापर्यंतच. वाकडेपणाचा साचा काढून ओतल्यासारख्या त्या उभ्या होत्या. काळुराम असता तर दोनदा फिरला असता आणि चहा मागवला असता. तिला रडू आलं नाही. संताप आला, तोही कुणावर काढता येईना असा. घासून घासून मी स्वतःला इतकी पुसून टाकली की आता शोधायला गेले तरी सापडत नाही! चुकायला बसले तर चूकसुद्धा दुसऱ्याची, आणि ती पण बिनचूक! आणि मग तिने नमुन्याची ठकी बाजूला काढायला हात पुढे केला, आणि तो तसाच हवेत राहिला. कुठली? कडेची होती ना. कडेच्या दोन्ही उचलल्या. उजेडात धरल्या. बोटाच्या रेषा पाहिल्या. त्या तिनेच काढल्या होत्या का म्हातारीच्या बोटाने उमटल्या होत्या, तिला सांगता येईना.

“झाल्या काय गो?” भिंतीपासून आवाज आला. “आता माजी दे.”

मालूने एक उचलून तिच्या हातात दिली. म्हटलं, घेईल. धोंडुबाईने पंख चाचपले, मणी चाचपला, सुटलेला धागा ओढून पाहिला. सगळं जिथल्या तिथे होतं. शेवटी अंगठा गाठीवर गेला, आणि तिने ती परत केली. ही नाय, म्हणाली. मालूने दुसरी दिली. हीपन नाय. तिसरीला मालूचा आवाज चढला. सगळ्या एकसारख्याच हायत आये, कुठलीबी घे ना, काय फरक पडतो, असं ती बोलून गेली, आणि बोलता बोलता तिलाच ते लागलं. धोंडुबाई रागावली नाही. “माजी गाठ आवनाची हाय,” ती म्हणाली. “येका हिसड्यात सुटते. ओढून बग.”

मालू चटईवर बसली. एकेक परी उचलायची, गाठीचं शेपूट चिमटीत धरायचं, ओढायचं. घट्ट. पुढची. घट्ट. डिंक धरून बसला होता. तिच्या गाठी सुटायच्या नव्हत्या, तशाच तिने मारल्या होत्या. ओढता ओढता तिच्या ध्यानात आलं की जी सुटेल तीच खरी, आणि सुटली की ती राहणार नाही. थांबावं असं तिला वाटलं. कुठलीही एक उशाशी ठेवावी, कुठलीही एक पेणला पाठवावी, आणि विषय संपवावा. पण हात ओढत राहिला. रांगेच्या मधोमध, अगदीच भलत्या जागी, एक शेपूट ओढलं आणि गाठ काही न बोलता सुटली. काठ बाजूला पडला, रीळ तिच्या मांडीवर आडवं झालं, मणी घरंगळत धोंडुबाईच्या पायाला लागला.

“हाय काय?” धोंडुबाईने विचारलं.

“हाय,” मालू म्हणाली.

म्हातारीने दोन्ही हात पुढे केले. मालूने रीळ, मणी, काठ तिच्या ओंजळीत ठेवले. धोंडुबाईने ते जरा वेळ नुसते धरून ठेवले, मग काठ मागून पुढे घेतला. मालू बघत होती. बोटं कशी जातात ते तिला या वेळी बघायचंच होतं, पण तेवढ्यात फोन वाजला. दिपिका होती. टेम्पो गडब सोडून पुढे निघालाय, पोचेलच, पेटी तयार ठेवा. आणि हो ताई, ती नमुन्याची वेगळी गुंडाळा हं, ती मला समोर लावायचीय.

“ती सगळ्यांत मिसळलीय,” मालू म्हणाली. “तुम्हीच ओळखून घ्या.”

दिपिका हसली. “ओळखेन की. तुमचा हात मी कुठेही ओळखेन.”

मालूने फोन खाली ठेवला. उरलेल्या पऱ्या एकेक करून पेटीत भरल्या, डोकी एका दिशेला, मधे वर्तमानपत्राचे बोळे. मागे धोंडुबाई गाठ मारत होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या. मालूने वळून पाहिलं नाही. तिने झाकण लावलं, सुतळी दोनदा फिरवली आणि गाठ आवळली, न सुटणारी.